बाह्यभिंती आणि आगीचा धोका

विटांची किंवा काँक्रीटची भिंत स्वतः जळत नाही. एखाद्या सदनिकेत लागलेली आग तेथेच कोंडली जाईल आणि शेजारची बिऱ्हाडे सुरक्षित राहतील, या गृहीतकावर ब्रिटनमधील उंच निवासी इमारतींचे अग्निसंरक्षण दीर्घकाळ उभे होते. आग लागल्यास इतर रहिवाशांनी आपापल्या घरातच थांबावे, हा सल्लाही त्यातूनच आला.

१४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत हे गृहीतक कोसळले. चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात, शीतकपाटापाशी लागलेली आग खिडकीलगतच्या भागातून बाहेर पडली आणि अर्ध्या तासाच्या आत माथ्यापर्यंत पोहोचली. आगीची पहिली वर्दी मध्यरात्रीनंतर १२ वाजून ५४ मिनिटांनी मिळाली होती; घरात थांबण्याचा सल्ला मात्र २ वाजून ४७ मिनिटांपर्यंत मागे घेतला गेला नाही. ७२ माणसे मृत्युमुखी पडली.

असे का घडले? मूळ इमारत काँक्रीटची होती. परंतु २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात तिच्यावर उष्णतारोधक फेसाचा थर, त्यापुढे हवेची पोकळी आणि सर्वांत बाहेर पत्र्यांचे आवरण चढवले गेले. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीन हे प्लॅस्टिक होते. ते वितळते, ठिबकते आणि प्रखरपणे जळते. पोकळी धुराड्याचे काम करते. तिच्यातील अग्निरोधक अडसर सदोष असतील, तर ज्वाळांना मजल्यामागून मजला गाठता येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. धोका कोणत्याही एका पदार्थात नसून संपूर्ण भिंतीच्या रचनेत असतो. म्हणूनच ब्रिटिश मानक संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तीन अंगांचा एकत्रित विचार सांगितला आहे. भिंतीतील पदार्थ आगीत कसे वागतात? ज्वलनशील भाग इमारतीवर कसे पसरले आहेत. ते खिडक्या, सज्जे व जिन्यापर्यंत सलग पोहोचतात काय? आणि इशारा देण्याची, बाहेर पडण्याची व अग्निशमनाची व्यवस्था कशी आहे? केवळ नकाशे पाहून हे कळत नाही. प्रत्यक्षात काय बसवले आहे, हे पुष्कळदा आवरण उघडूनच तपासावे लागते.

अखेर प्रश्न काळाचा असतो: आग पसरण्यास किती वेळ लागेल आणि माणसांना बाहेर पडण्यास किती? एकच जिना असलेल्या उंच इमारतीत, वृद्ध व अपंग रहिवासी असताना, हे अंतर फार थोडे उरते.

मूल्यमापनात दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. धोका कमी लेखला तर प्राण जातात. तो वाजवीपेक्षा अधिक मानला तर निरपराध कुटुंबे भरडली जातात. २०१७ नंतर ब्रिटनमध्ये अनेकांना आपली घरे विकता येईनात, कारण त्यांवर कर्ज मिळेना. भय आणि बेफिकिरी या दोहोंपासून दूर राहून भिंतीची खरी अवस्था सांगणे, हेच परीक्षकाचे कर्तव्य होय.