ओट्सचा लेप : कोणत्या चेहऱ्याला कसा लावावा

लग्नसराई जवळ आली की वस्तीतल्या मेडिकलच्या दुकानात चेहऱ्याच्या ट्यूबांची मागणी वाढते. मागच्या हंगामात आमच्या ओळखीच्या घरातल्या एका मुलीने अशीच एक ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, पुटकुळ्या बसल्या, घरचे खूश झाले. दोन महिन्यांनी ट्यूब बंद केली तेव्हा गाल भाजल्यासारखे लाल झाले. उन्हात गेली की आग व्हायची, ओठांवर लव दिसू लागली. तिची आई आम्हाला विचारत होती, "ताई, शेजारीण म्हणते ओट्सचा लेप लाव. लावू का?"

त्या माउलीला आम्ही सांगितले, आधी त्वचेचा डॉक्टर, लेप नंतर. पण लेपाबद्दल ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांच्यासाठी आज सविस्तर लिहितो आहोत.

ओट्स म्हणजे जई. काही जण याला सातू समजतात. सातू म्हणजे जव, ते धान्य वेगळे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो त्वचेवर पातळ थर धरतो आणि ओलावा उडू देत नाही. दुसरे काही घटक खाज आणि दाह कमी करतात, आणि साबणासारखा सौम्य फेस देणारे घटकही त्यात असतात. अगदी बारीक दळलेल्या ओट्सना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली त्वचेचे रक्षण करणारा पदार्थ म्हणून मान्यता दिली. म्हणजे हा नुसता आजीबाईचा बटवा नाही. मात्र ओट्सने रंग गोरा होत नाही. रंग त्वचेतल्या मेलॅनिनचा असतो, आणि तेच मेलॅनिन उन्हापासून आपले रक्षण करते. लेपाने त्वचा मऊ होते, खाज शमते, चेहरा स्वच्छ वाटतो, एवढेच.

किराणा दुकानातून साधे ओट्स आणावेत, मसाला घातलेले नकोत. त्यात मीठ-तिखट असते आणि ते चेहऱ्याला झोंबते. कोरडेच मिक्सरमध्ये मैद्यासारखे दळावेत. मिक्सर नसेल तर खलबत्त्यात कुटून जुन्या सुती ओढणीतून चाळून घ्यावेत. दळण नीट झाले का हे पाहायचे असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर पीठ ढवळा. पाणी दुधाळ झाले आणि पीठ लगेच तळाशी बसले नाही, तर जमले. तळाशी रवा दिसला तर पुन्हा दळा, कारण जाडसर कण गालावर घासले की ओरखडे पडतात. दोन चमचे पिठात तीन-चार चमचे कोमट पाणी घालून पाच मिनिटे ठेवले की बुळबुळीत लेप तयार होतो. कोरडे पीठ हवाबंद डब्यात महिनाभर सहज टिकते. कालवलेला लेप मात्र त्याच वेळी संपवावा.

कोरडी त्वचा, म्हणजे धुतल्यावर ताणल्यासारखी होणारी आणि हिवाळ्यात पांढुरकी पडणारी, असेल तर पाण्याऐवजी दूध घ्यावे किंवा अर्धा चमचा साय मिसळावी. लेप धुतल्यावर चेहरा ओलसर असतानाच खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळावेत. हे तेल तेलकट चेहऱ्याला मात्र लावू नये, त्याने छिद्रे बुजून पुटकुळ्या वाढतात. दुपारपर्यंत कपाळ-नाक चकाकू लागते अशांनी ओट्समध्ये पाणी आणि चमचाभर ताजे, आंबट न झालेले दही घालावे. काहींचे नाक-कपाळ तेलकट पण गाल कोरडे असतात. त्यांनी नाका-कपाळाला दह्याचा आणि गालांना दुधाचा लेप लावावा. वाट्या दोन होतात, पण पीठ तेच. चेहरा चटकन लाल होत असेल किंवा पुटकुळ्या असतील तर ओट्स आणि पाणी, बाकी काहीही नाही.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लेप दहा मिनिटे लावून धुवावा आणि एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा पुरळ आले तर तो तुमच्यासाठी नाही. चेहऱ्यावर दहा-बारा मिनिटे पुरतात. लेप कडक वाळू देऊ नये, वाळला की तो त्वचेतलेच पाणी ओढतो. घासून काढू नका, ओल्या फडक्याने टिपून काढा. नळ दिवसातून एकदाच येणाऱ्या घरातही एक तांब्या पाण्यात काम होते. आठवड्यातून दोनदा पुरे. उघडी जखम, गजकर्ण, खरूज यांवर लावू नये, तान्ह्या बाळाला तर नकोच.

लेपात लिंबू पिळू नका. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. लिंबाचा रस त्वचेला फारच आंबट पडतो, आणि तो लावून उन्हात गेले की फोड येऊन महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. खायचा सोडा उलट दिशेने तेवढाच वाईट. टूथपेस्टही नको.

भांडी-धुणी करणाऱ्या भगिनींनी आणि फिनेल-ब्लीचिंग पावडर हाताळणाऱ्यांनी हे पीठ हातांसाठीही वापरावे. मूठभर पीठ सुती फडक्यात बांधून बादलीत बुडवावे आणि दुधाळ पाणी हातांवरून पिळावे. भेगाळलेल्या हातांची खाज कमी होते.

आता त्या ट्यूबांविषयी. चटकन उजळवणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव आहे का, हे इंग्रजी वाचणाऱ्या मुलाकडून पाहून घ्या. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा केंद्र सरकारचा २०१८ पासूनचा नियम आहे. तरी ती सर्रास मिळतात. त्यांनी सुरुवातीला चेहरा छान दिसतो, मग त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसतात, मुरुम आणि लव येते. गजकर्णावर लावले तर खाज थांबते आणि गजकर्ण पसरते. बंद केले की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो आणि अडकतो.

त्या मुलीला सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेले. लाली उतरायला कित्येक महिने लागले. तोवर डॉक्टरांनी लेपही लावू दिला नाही. आता आठवड्यातून एकदा ओट्स आणि पाणी लावायची परवानगी आहे. तुमच्या घरात कोणी अशी ट्यूब महिनाभराहून जास्त वापरत असेल तर दवाखान्यात जाताना ती फेकून न देता सोबत घेऊन जा. त्यात काय होते हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.