युद्धकाळातील शिधावाटप

वस्तू दुर्मिळ झाली की तिचा भाव चढतो आणि अन्न गरजवंताऐवजी धनवंताच्या घरी जाते. हे टाळण्यासाठी ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी लोणी, साखर व खारवलेले डुकराचे मांस यांचे शिधावाटप सुरू झाले.

प्रत्येकास शिधापुस्तिका मिळे. कुटुंबाने एका दुकानदाराकडे नाव नोंदवावे व नोंदलेल्या गिऱ्हाइकांच्या संख्येप्रमाणे त्यास माल पुरविला जावा, अशी ही योजना होती. पैसा असला तरी ठरलेल्या वाट्याहून अधिक घेण्याचा अधिकार कोणासही नसे.

डबाबंद पदार्थ सर्वांना पुरतील इतके नव्हते. त्यांच्यासाठी डिसेंबर १९४१ मध्ये गुणपद्धती आली. प्रत्येकास सारखेच गुण मिळत. दुर्मिळ पदार्थास अधिक गुण मोजावे लागत. त्यामुळे निवडीचे स्वातंत्र्य राहिले.

उपाहारगृहातील भोजन मात्र शिधाबाह्य होते. तेथे पैसेवाल्यांची सोय होते हे दिसताच १९४२ मध्ये एका भोजनाची किंमत पाच शिलिंगांपुरती मर्यादित करण्यात आली.

शेवटचे निर्बंध १९५४ मध्ये उठले. शिधावाटपाने धान्याचा एक दाणाही वाढत नाही. टंचाईचा भार तेवढा सर्वांच्या खांद्यांवर येतो. तो सारखा पडतो असा विश्वास असेल, तरच लोक तो सोसतात.