कणगीतले सोंडे



गेल्या पावसाळ्यात जव्हारकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. घरच्या काकींनी तांदळाचे सूप पुढे केले. त्यात दाण्यांपेक्षा भुकटीच जास्त. "सोंडे लागले दादा, म्हणून गोळ्या आणून ठेवल्यात," त्या म्हणाल्या. कणगी होती निजायच्या खोलीत! या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो किड्यांना मारतो, तसा झोपलेल्या लेकरांनाही मारतो. त्या रात्री सगळ्यांना शेजारी निजायला लावले.

सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवते. अळी आतच वाढते. म्हणून धान्य चाळले तरी महिन्याभरात किडे पुन्हा दिसतात. पण दाण्यातल्या अळीलाही श्वास लागतोच. धान्य हवा न शिरणाऱ्या पिशवीत घट्ट बांधले, की आतले किडे आणि दाणे मिळून प्राणवायू संपवतात व कार्बन डायऑक्साइड वाढतो. प्राणवायू ३ टक्क्यांच्या खाली गेला की साधारण दोन आठवड्यांत किडे मरतात. मोठ्या गोदामांत यासाठी नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात. आपल्याला सिलिंडर नको. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने अशी ५० किलोची पिशवी काढली आहे. ती नेहमीच्या गोणीच्या आत घालतात. साध्या प्लास्टिकमधून मात्र हवा झिरपते.

अट एकच, पण कडक. भात नीट वाळलेले हवे : ओलावा १४ टक्क्यांच्या आत, बियाण्याचा त्याहूनही कमी. ओले भात कोंडले तर बुरशी येते. मोजायचे यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे भात आणि कोरडे मीठ घालून हलवा. काही मिनिटांनी मीठ काचेला चिकटले, तर अजून ऊन द्या. मग पिशवी भरून, हवा दाबून काढून, तोंड पिळून दुमडा आणि करकचून बांधा.

पिशवी उघडली की ताजी हवा शिरते आणि केलेली मेहनत वाया जाते. म्हणून रोजच्या खाण्याचे वेगळे काढा. बियाण्याची पिशवी पेरणीपर्यंत सोडू नका.

"आणि उंदीर?" काकींनी विचारले. प्रश्न बरोबर होता. उंदराने एक भोक पाडले की हवा आत आलीच. त्यासाठी भरलेली पिशवी झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावी लागते.