गाडीची सर्व्हिसिंग: गॅरेजला की घरी? चला, हिशोब मांडू या



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीला बसले की कर्जमागणीत एक कारण सारखं ऐकायला मिळतं: गाडी. कुणाला दूध डेअरीवर पोचवायला हवी, कुणाला मोहोळच्या किंवा बार्शीच्या बाजाराला भाजी न्यायला हवी, कुणी पशुसखी म्हणून तीन-चार गावं फिरते. गाडी गरजेचीच झाली आहे, त्यात वाद नाही. पण कर्जाच्या अर्जावर आपण गाडीची किंमत लिहितो, हप्ता लिहितो, आणि तिथंच थांबतो. गाडी घरात आल्यावर तिला ऑइल लागतं, चेन लागते, टायर लागतो. हा खर्च कुणीच धरलेला नसतो. मग एखाद्या महिन्यात गाडी बंद पडते, दुरुस्तीला दोन हजार जातात, आणि त्या महिन्याचा गटाचा हप्ता थकतो. म्हणून या महिन्याचा पाठ गाडीच्या देखभालीचा.

प्रश्न साधा आहे. सर्व्हिसिंग गॅरेजला करायची की घरी? बऱ्याच जणी म्हणतात, "घरी केलं की सगळे पैसे वाचतात." काही जणी म्हणतात, "ते आपलं काम नाही." दोन्ही उत्तरं पारखून बघू या.

आधी हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे, तुमच्या गॅरेजचे दर वेगळे असतील, ते घालून हाच हिशोब वहीत करा.

समजा १०० सीसीची गाडी आहे. रोज ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस. म्हणजे महिन्याला ७५० आणि वर्षाला ९,००० किलोमीटर. दर ३,००० किलोमीटरला सर्व्हिसिंग धरली तर वर्षातून तीन वेळा.

गॅरेजचा एका वेळचा खर्च: ऑइल ४००, मजुरी ३५०, वॉशिंग १००, चेनचं तेल आणि किरकोळ १००. एकूण ९५० रुपये. वर्षाचे २,८५०. त्यात तालुक्याला जाऊन थांबण्यात अर्धा दिवस जातो. अर्ध्या दिवसाची मजुरी २०० धरा. तीन वेळचे ६००. असे झाले ३,४५० रुपये.

सगळं घरी केलं तर: तीन वेळचं ऑइल १,२००. वर्षाचं चेनचं तेल, ब्रश, साबण मिळून ३५०. एकूण १,५५०. पण ताई, तुमचा वेळ फुकट नाही. एका वेळेला दोन तास जातात, त्याचे १०० रुपये धरा. तीन वेळचे ३००. झाले १,८५०.

दोनदा घरी आणि एकदा गॅरेजला: घरच्या दोन वेळचं ऑइल ८००, चेनचं सामान ३५०, गॅरेजचे ९५०. एकूण २,१००. वेळेचे घरी २०० आणि गॅरेजचे २००. झाले २,५००.

म्हणजे तिसऱ्या पद्धतीत गॅरेजपेक्षा वर्षाला ९५० रुपये वाचले. पण थांबा, हत्यारं राहिली. पान्यांचा सेट, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हवा मोजायचा मीटर, जुनं ऑइल धरायला ट्रे. सगळं मिळून ९०० रुपये धरा. एकटीनं घेतलं तर पहिल्या वर्षी हातात राहिले फक्त ५० रुपये. पाच जणींनी मिळून घेतलं तर प्रत्येकीला १८० रुपये पडतात, आणि पहिल्याच वर्षी ७७० रुपये वाचतात. बचत गट कशासाठी असतो, ते इथंही दिसतं.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. घरी केलं म्हणजे ऑइलचे पैसे वाचत नाहीत, ते दोन्हीकडे लागतातच. वाचते ती मजुरी. ही बचत चांगली आहे, पण फार मोठी नाही. मोठी बचत दुसरीकडे आहे.

मोठा पैसा कुठे जातो?

चेनला तेल नसेल, ती सैल लोंबत असेल, तर चेनसोबत दोन्ही दातेरी चक्रंही झिजतात. मग पूर्ण चेन-स्पॉकेट सेट बदलावा लागतो. तो खर्च एका सर्व्हिसिंगपेक्षा जास्त असतो. ऑइल कमी असताना गाडी पळवली तर इंजिन आतून घासतं, आणि इंजिन उघडायची वेळ आली की काही हजार रुपये जातात. टायरमध्ये हवा कमी असेल तर टायर लवकर झिजतो आणि पेट्रोलही जास्त लागतं.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त घडतं, त्याला कारणं आहेत. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल मडगार्डमध्ये आणि चेनवर बसतो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ते फुटतात. ज्वारीच्या काढणीपासून उन्हाळा संपेपर्यंत धूळच धूळ. पुस्तिकेत लिहिलेलं अंतर साधारण रस्त्यासाठी असतं. धुळीच्या रस्त्यावर चेन आणि एअर फिल्टरकडे त्याच्या आधीच बघावं लागतं.

हे सगळं टाळायला आठवड्यातून पंधरा मिनिटं पुरतात. सर्व्हिसिंग कुठेही करा, ही पंधरा मिनिटं मात्र घरचीच.

आठवड्याची पंधरा मिनिटं

१. हवा: गाडीला किती हवा लागते ते चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतं. मागे माणूस किंवा दुधाचे कॅन असतील तर मागच्या चाकाला जास्त लागते. टायर थंड असताना मोजा.

२. ऑइलची पातळी: गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, थोडं थांबा. ऑइलच्या झाकणाची पट्टी पुसून पुन्हा आत टाका. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. हिरो, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मोजताना झाकण फिरवून घट्ट करायचं नसतं, नुसतं टेकवायचं असतं. तुमच्या गाडीचं पुस्तिकेत बघून घ्या.

३. चेन: खालच्या बाजूला मध्यभागी बोटानं वर-खाली करा. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलायला हवी. फार लोंबली किंवा फार ताठ झाली, तर जुळवून घ्या.

४. ब्रेक: दोन्ही दाबून बघा. मागच्या ड्रम ब्रेकजवळ एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला, तर लायनर संपलं असं समजा आणि लगेच गॅरेज गाठा.

५. हेडलाईट, मागचा लाल दिवा, ब्रेकलाईट, हॉर्न. पहाटे दूध घेऊन जाणाऱ्या ताईंनी हे रोज बघा.

घरी करण्यासारखं

*चेन साफ करणं.* गाडी मधल्या स्टँडवर आणि इंजिन बंद. ब्रश आणि थोड्या रॉकेलनं माती काढा, फडक्यानं पुसा, मग चाक हातानं हळू फिरवत चेनचं तेल लावा. जास्तीचं पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटते. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेन कधीही पुसू नका. अशानं बोटं तुटतात. साडीचा पदर, ओढणी खोचून घ्या, बांगड्या मागे सरकवा, आणि लहान मुलांना लांब ठेवा.

*ऑइल बदलणं.* इंजिन कोमट असताना, कडक तापलेलं असताना नाही. खाली ट्रे ठेवा, इंजिनच्या खालचा ड्रेन बोल्ट बरोबर बसणाऱ्या पान्यानं खोला, दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. बोल्ट पुसा, वायसर बघा. परत लावताना आधी हातानं आटे बसवा, मग पान्यानं बेतानं आवळा. घरी सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. जोर लावून आवळलं की इंजिनाचे आटे जातात, आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च येतो. पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच ऑइल मोजून घाला, दोन मिनिटं गाडी चालू करा, गळती आणि पातळी बघा.

ऑइल घेताना बाटलीवर जासो एमए किंवा एमए-२ असं लिहिलंय का ते बघा. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. स्कूटीला वेगळं चालतं, तिच्या पुस्तिकेप्रमाणे घ्या.

*जुनं ऑइल.* ओढ्यात, गटारीत, विहिरीजवळ ओतू नका. थोडंसं ऑइलही पुष्कळ पाणी खराब करतं. जनावराच्या जखमेला लावायची सवय काही गावांत आहे, तीही सोडा. जळक्या ऑइलमध्ये घातक पदार्थ असतात. डब्यात भरून गॅरेजला द्या. चुलीजवळ, दिव्याजवळ पेट्रोल-रॉकेलचं काम करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

घरी न करण्यासारखं

ब्रेकचे लायनर, डिस्क ब्रेकचं ऑइल, चाकाचे बेअरिंग, वायरिंग, इंजिन. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांची इंधनाची यंत्रणा. बहुतेक गाड्यांत तिथं कार्बोरेटर नाही, सेन्सर आहेत, तपासायला मशीन लागतं. तेलकट कागदी एअर फिल्टरही धुवायचा किंवा हवेनं फुंकायचा नसतो, तो बदलायचा असतो. चेन ताणणं जमतं, पण मागचं चाक सरळ राहिलं पाहिजे आणि ब्रेक पुन्हा जुळवावा लागतो. पहिल्या दोन वेळा मिस्त्रीसमोर शिका.

गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल, तर ठरलेल्या सर्व्हिसिंग कंपनीच्या केंद्रातच करा. पहिल्या काही सर्व्हिसिंगला मजुरी लागत नाही, ऑइलचे पैसे लागतात. त्या चुकवल्या तर वॉरंटीच्या वेळी अडचण येऊ शकते.

स्कूटी असेल तर चेन नसते, आत बेल्ट असतो. घरी करण्यासारखं कमी, म्हणून बचतही कमी. आठवड्याची तपासणी मात्र तिलाही लागते.

गॅरेजला गेल्यावर

मिस्त्री आपला वैरी नाही. चांगला मिस्त्री गावाला लागतोच. पण गाडी ठेवून निघून जाऊ नका. काय करणार आणि किती होतील, ते आधी विचारा. जास्तीचं काम निघालं तर फोन करूनच करा, असं सांगा. ऑइलची बाटली समोर फोडायला सांगा. बदललेला जुना पार्ट परत मागा. बिल घ्या आणि त्यावर किलोमीटर लिहून घ्या. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते, पण बिल हवं. "बाईमाणसाला काय कळतंय" असं कुणी म्हणालंच, तर वही उघडून मागच्या वेळचा किलोमीटर वाचून दाखवा.

कागदही बघून घ्या. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. त्यामुळे तो संपल्याचं अनेकांच्या लक्षातच येत नाही. विमा नसताना अपघात झाला तर भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर येतो. गाडी तुमच्या नावावर असेल, तर तो बोजाही तुमच्यावर.

कर्ज देण्याआधी गटानं विचारायचं

सर्व्हिसिंग २,५००. टायर, बॅटरी, लायनर दोन-तीन वर्षांतून लागतात, त्यांचा वर्षाचा वाटा २,०००. विमा आणि पीयूसीसाठी १,५००. वर्षाचे झाले ६,०००, म्हणजे महिन्याला ५०० रुपये. पेट्रोल वेगळं. तर गाडीच्या कर्जाचा अर्ज आला की हप्ता, पेट्रोल आणि हे ५०० मिळून मांडा. गाडीमुळे वाढणाऱ्या कमाईतून ते निघतात का, हे त्या ताईसोबत बसून बघा. निघत नसतील तर कर्ज नाकारायलाच हवं असं नाही. जुनी गाडी, कमी रक्कम, जास्त महिने, असा मार्ग काढता येतो. पण ते आधी कळलं पाहिजे, हप्ता थकल्यावर नाही.

या महिन्याचा गृहपाठ

१. ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनी गेल्या वर्षभरातला गाडीचा खर्च आठवून लिहायचा. बिलं सापडली तर उत्तम.
२. वहीचं एक पान गाडीसाठी: तारीख, किलोमीटर, काय केलं, किती रुपये.
३. पुढच्या बैठकीला गाडीची पुस्तिका आणा. हवा किती, ऑइल किती आणि कोणतं, हे एकमेकींना वाचून दाखवा.
४. पाच जणी तयार असतील तर हत्यारांची पेटी सामाईक घ्यायचा ठराव करा. पेटी कुणाकडे राहील आणि नोंद कोण ठेवील, तेही ठरावात लिहा.

ज्या गटांना चेन आणि ऑइलचं काम प्रत्यक्ष शिकायचं आहे, त्यांनी ग्रामसंघाच्या बैठकीत नाव द्या. पाच-सहा गट झाले की जवळच्या एखाद्या मिस्त्रीला अर्ध्या दिवसाचा मोबदला देऊन गावातच बोलवू. येताना जुनी साडी नेसून या, हात काळे होणार आहेत.

तुमची,
क्षेत्र समन्वयक