प्लिमथचे पहिले वर्ष

इ. स. १६२० च्या सप्टेंबरात 'मेफ्लॉवर' नावाचे जहाज १०२ उतारू घेऊन इंग्लंडहून अमेरिकेकडे निघाले. राजाने ठरवून दिलेली उपासनापद्धती मान्य नसलेली काही कुटुंबे आणि नवा उद्योग शोधणारे काही लोक, असा तो मेळा होता. नोव्हेंबरात ते केप कॉडच्या किनाऱ्यास लागले. तेथे वाळूच्या ढिगाखाली टोपल्यांत पुरून ठेवलेला मका त्यांना सापडला. आपण पावसाळ्यात भाजून खातो तो मका मूळचा अमेरिका खंडातलाच. धनी जवळपास नव्हता, पोटे रिकामी होती. त्यांनी तो उचलला. पुढे त्यांनी भरपाई केली हे खरे. पण धन्यास न विचारता नेलेल्या धान्याला काय म्हणतात, हे मुलांनो, मी सांगावयास नकोच.

डिसेंबरात त्यांनी प्लिमथ येथे वस्ती केली. गोड्या पाण्याचे ओढे होते आणि रान तोडून मोकळी केलेली जमीनही आयती मिळाली. ती पटक्सेट नावाच्या गावाची होती. काही वर्षांपूर्वीच्या साथीत ते गाव ओस पडले होते.

हिवाळा फार कडक गेला. घरे उभी राहीपर्यंत पुष्कळजण जहाजावरच राहिले. जे सामायिक घर प्रथम बांधले, त्याच्या गवती छपराला जानेवारीत आग लागली. आजाराने जवळजवळ निम्मी माणसे दगावली. एक वेळ तर अशी आली, की धडधाकट अशी सहा-सात माणसेच उरली. तीच लाकडे आणीत, चूल पेटवीत, आजाऱ्यांना भरवीत आणि त्यांचे मळके कपडेही धूत.

वसंत ऋतूत टिस्क्वांटम नावाचा मनुष्य त्यांच्याकडे आला. तो त्याच पटक्सेट गावचा! १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला विकण्यासाठी पळवून स्पेनला नेले होते. तेथून तो इंग्लंडला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ साली परतला, तो गावात कोणीच जिवंत नव्हते. त्याच मनुष्याने या परक्यांना मका लावण्यास शिकविले. मातीचे लहान उंचवटे करावयाचे, खत म्हणून त्यांत ओढ्यातले मासे पुरावयाचे आणि दाणे टोचावयाचे. वीस एकर मका उत्तम आला. विलायतेहून आणलेला वाटाणा मात्र उन्हाने करपला.

त्या शरद ऋतूपर्यंत सात घरे उभी राहिली. कापणी झाल्यावर वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसॅसॉइट नव्वद माणसांसह आला; त्याच्या लोकांनी पाच हरणे मारून आणली. तीन दिवस जेवणे चालली. प्लिमथमध्ये तेव्हा माणसे सुमारे पन्नास होती आणि त्यांत गृहिणी उरल्या होत्या अवघ्या चार. एवढ्या पंगतीचा स्वयंपाक त्यांनी आणि वस्तीतल्या मुलींनी कसा उरकला असेल!

टिस्क्वांटम १६२२ साली तापाने वारला. मॅसॅसॉइटने इंग्रजांशी केलेला सलोखा त्याच्या हयातीत टिकला. पुढे वसाहतवाल्यांना जमीन अपुरी पडू लागली आणि १६७५ साली त्याचा मुलगा मेटाकॉम याच्याशी त्यांचे युद्ध जुंपले.