घरात घाण करणारे मांजरीचे पिल्लू : कारणे व उपाय

उंदीर-घुशींपासून धान्य राखावे म्हणून अनेक शेतकरी कुटुंबांत मांजर पाळले जाते. मात्र त्याच मांजरीचे पिल्लू घरात जागोजागी घाण करू लागले की घरातील माणसे कंटाळतात. मग एके दिवशी ते पोत्यात घालून नदीपलीकडे सोडले जाते. तेथे ते फारसे जगत नाही आणि घरातील उंदीर मात्र राहतात. थोडी माहिती असल्यास ही वेळ टाळता येते.

गेल्या पावसाळ्यात माती परीक्षणाचे नमुने घेण्यासाठी रावेत येथे जाणे झाले. पवना नदीकाठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पूर्वीच्या शेतांच्या जागी आता बहुमजली इमारती दिसतात. ज्या शेतकऱ्याकडे गेलो होतो त्यांनी थोडी जमीन अजून राखली आहे. जुने मातीचे घर पाडून त्यांनी दुमजली पक्के घर बांधले असून खालच्या एका खोलीत इंद्रायणी भाताची पोती व शेळ्यांची पेंड ठेवलेली असते. तीन महिन्यांचे पिल्लू नेमके त्याच खोलीत, पोत्यांमागे व पेंडीजवळ घाण करीत होते. घरात सून गरोदर होती. कोणीतरी सांगितले होते की मांजरीमुळे पोटातील बाळाला धोका होतो. त्यामुळे रविवारी पिल्लू सोडून यायचे ठरले होते.

मी शेती विषयाचा शिक्षक, मांजरांचा जाणकार नव्हे. तरीही विचारले म्हणून सल्ला दिला, की खोली फिनेलने धुवा. हा सल्ला चुकीचा होता. दोन दिवसांनी आमच्या पशुवैद्यक सहकाऱ्यांना विचारले तेव्हा त्यांनी कान उघाडणी केली. फिनेलमधील फिनॉल जातीची द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट पचवून बाहेर टाकता येत नाहीत. फरशीवरून चालून मांजर पाय चाटते आणि विषबाधा होऊ शकते. (याच कारणाने तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. एका गोळीनेही मांजर दगावते.) त्याच दिवशी रावेतला निरोप पाठवून फिनेल बंद करविले. फरशी धुण्यासाठी कपडे धुण्याची पावडर व भरपूर पाणी पुरते. मूत्राचा वास राहिला तर मांजर पुन्हा त्याच जागी येते, म्हणून ती जागा दोन-तीन वेळा धुऊन कोरडी करावी. अमोनियाचा वास असलेली द्रव्ये टाळावीत, कारण त्यांचा वास मूत्रासारखाच असतो. पोती धुऊन कडक उन्हात वाळवावीत. भिजलेले धान्य व पेंड चाळून वापरू नये, टाकून द्यावी.

पिल्लू असे का करते?

पुढच्या भेटीत घरातील आजी म्हणाल्या, “अहो सर, जुन्या घरात इतकी मांजरं झाली, एकानंही कधी घरात घाण केली नाही.” कारण त्यांच्याच बोलण्यात होते. जुन्या घरामागे मोकळी जमीन होती आणि बंबाच्या राखेचा ढीग असे. मांजर तेथे उकरून घाण करी व झाकून टाकी. नव्या घरात सगळीकडे गुळगुळीत फरशी, मागे सिमेंटचा कोबा आणि पावसाने बाहेरची उरलीसुरली मातीही चिखल झालेली. उकरता येईल असे कोरडे व भुसभुशीत असे काही घरात उरले असेल तर ते पोत्यांमागे सांडलेले तूस आणि पेंडीचा भुगा. पिल्लू खोडकर नव्हते, त्याला जागाच नव्हती.

साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांची शी-शू आईच चाटून करविते. तीन ते चार आठवड्यांच्या सुमारास ती स्वतः माती उकरू लागतात आणि त्या वयात पायाखाली जे सापडते त्याची सवय पुढे टिकते. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. तोंड घाणीत घासणे किंवा मारणे यांचा काहीच उपयोग होत नाही. पिल्लू माणसाला घाबरून आणखी अडचणीच्या जागी जाते, एवढेच.

घमेल्याची पद्धत

घरातील जुने घमेले या कामास उत्तम. काठ बुटका असल्याने पिल्लाला सहज चढता येते. त्यात दोन ते तीन इंच थर द्यावा. थर कशाचा द्यावा हा मात्र आमच्या विषयातील प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. काळी माती ओलावा धरते व तिचे गोळे होतात, हे उचलायला सोयीचे वाटते. पण ती पायांना चिकटून घरभर जाते व वाळल्यावर ढेकळे होतात. मुरूम टोचतो. चाळलेली, उन्हात वाळविलेली बारीक वाळू किंवा पोयट्याची माती मला सर्वांत बरी वाटली. भाताचे तूस हलके असून वाळूत मिसळता येते. लाकडाचा भुसा चालतो, परंतु चाकण-भोसरीकडे मिळणारा प्लायवूडचा भुसा डिंक व रसायनांमुळे घेऊ नये.

शहरात यासाठी विकत माती मिळते. तिचा उगमही राखेशीच जोडलेला आहे. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात मांजराच्या राखेने घरभर काळे ठसे उमटतात म्हणून त्रासलेल्या शेजारणीला एडवर्ड लो यांनी तेल शोषण्यासाठी वापरली जाणारी, मुलतानी मातीच्या जातीची दाणेदार माती दिली आणि त्यातून हा धंदा उभा राहिला. आपल्याला तो खर्च करण्याची गरज नाही.

रावेतच्या घरी पिल्लाला तुसाची सवय लागली होती. म्हणून पहिल्या दिवशी घमेल्यात बहुतांश तूस, थोडी वाळू आणि पिल्लाने घाण केलेला थोडा भाग टाकला. पुढे रोज तूस कमी व वाळू जास्त केली. खोलीचे दार बंद ठेवले. जेवल्यानंतर व झोपेतून उठल्यानंतर पिल्लाला घमेल्यात नेऊन ठेवायचे, हे काम शाळेतल्या नातीने घेतले. सुमारे आठवड्यात फरक दिसला. मध्ये दोन दिवस पुन्हा बिघडले, कारण कोणीतरी घमेले पाण्याच्या मोटारीशेजारी सरकविले होते. आवाजाच्या, वर्दळीच्या किंवा खाण्याच्या भांड्याजवळच्या जागी मांजर जात नाही. घर दुमजली असल्यास दोन्ही मजल्यांवर एकेक घमेले ठेवावे.

पातळ शी होत असल्यास आधी दूध बंद करून पाहावे. पुष्कळ मांजरांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही. जंतांचे औषध पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. वयात आलेला बोका उभ्याने भिंतीवर मुताची पिचकारी मारतो, तो प्रकार निराळा असून त्यावर नसबंदी हाच उपाय आहे. बोका वारंवार बसून कुंथतो पण लघवी होत नाही, असे दिसल्यास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. मूत्रमार्ग बंद झाल्यास एक-दोन दिवसांत जीव जातो.

गरोदर स्त्री व शेळ्या

सुनेविषयीची भीती निराधार नव्हती, पण अर्धवट होती. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो. गरोदरपणात त्याची प्रथमच लागण झाल्यास गर्भाला इजा होऊ शकते. शेळ्या-मेंढ्याही यामुळे गाभडतात. मांजर बहुधा आयुष्यात पहिल्या लागणीच्या वेळी, एक ते तीन आठवडेच ही बीजे टाकते, आणि ती ताज्या विष्ठेत रोगकारक नसतात. तशी होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे घमेले रोज साफ केले तर धोका बराच टळतो. हे काम गरोदर स्त्रीने करू नये, इतरांनी हातमोजे घालून करावे व साबणाने हात धुवावेत. गरोदर स्त्रीने मातीकामही हातमोजे घालूनच करावे, भाज्या नीट धुवाव्यात व मटण पूर्ण शिजवून खावे. शंका असल्यास डॉक्टरांना रक्ततपासणीविषयी विचारावे.

ही बीजे ओल्या मातीत वर्षभरही जिवंत राहतात व नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. म्हणून घमेल्यातील घाण भाजीच्या वाफ्यात, शेणखताच्या खड्ड्यात किंवा गांडूळखतात टाकू नये. घरगुती खड्ड्यात उष्णता सगळीकडे सारखी चढत नाही. विहीर व नाल्यापासून दूर खोल खड्डा करून पुरावी. रिकामे घमेले उकळत्या पाण्याने धुवावे. पेंड व कडबाकुट्टी झाकून ठेवावी.

रावेतच्या घरी पेंडीसाठी झाकणाचे पिंप आणले आहे. सुनेची तपासणी झाली, अहवाल चांगला आला. रविवारी सोडायचे ठरलेले पिल्लू आता भाताच्या खोलीत फक्त उंदरांसाठी जाते.