व्हिडिओ गेममधील नायिका

साहित्यातील स्त्रीचित्रणाविषयी आपण वर्गात पुष्कळ ऐकतो. व्हिडिओ गेमचा विषय निघाला की मात्र 'पोरखेळ' म्हणून तो सोडून देतो. वास्तविक कादंबरीतली नायिका काय करते ते आपण नुसते वाचतो. गेममध्ये तिच्या वतीने आपणच धावतो, लढतो, मरतो. म्हणून तेथे स्त्रीला कोणती जागा मिळाली, हे पाहणे अगत्याचे वाटते.

१९८१ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीचा 'डाँकी काँग' आला. अजस्र वानराने एक बाई पळवून उंचावर नेली आहे आणि नायक शिड्या चढतो आहे. आरंभी तिला धड नावही नव्हते. 'पॉलीन' हे नाव मागाहून मिळाले. जिंकणाऱ्याचे ती बक्षीस, इतकेच.

याच कंपनीचा १९८६ चा 'मेट्रॉइड' अधिक विचार करण्याजोगा आहे. त्यातील सॅमस एरन नखशिखांत चिलखतात असते. इंग्रजी माहितीपुस्तिकेतही तिचा उल्लेख पुरुष म्हणूनच आहे. खेळ लवकर संपवला तर शेवटी शिरस्त्राण उतरते आणि कळते, इतका वेळ लढला तो 'तो' नसून 'ती' आहे! कल्पना खरोखर अपूर्व. पण पुढे काय? तीन तासांच्या आत खेळ संपवला तर चिलखतही उतरते आणि एका तासाच्या आत संपवला तर ती बिकिनीत उभी राहते. म्हणजे लढायचे तिनेच आणि बक्षीसही व्हायचे तिनेच.

१९९६ च्या 'टूम रेडर'मधील लारा क्रॉफ्ट धाडसी, विदुषी. परंतु जाहिरातींना तिच्या बांध्याचेच कौतुक अधिक. २०१३ च्या नव्या अवतारात मुख्य लेखिका ऱ्हिआना प्रॅचेट होत्या. तेथे लारा भिते, चुकते, सावरते. (तिचे हाल मात्र जरा जास्तच केले आहेत.)

आपल्या पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी' काढला. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला बहीण निघते. रक्षणकर्ता भाऊ, ही राखीची रूढ कल्पना येथे उलटी झाली आहे. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बाराखडी गिरवलेल्या माझ्यासारख्या मुलींना त्यात नवल वाटू नये. एक शंका मात्र उरते. राजी मुळात कसरतीचे खेळ करणारी, चपळ मुलगी. तरी लढण्यासाठी तिला दुर्गेचा त्रिशूळ मिळावा लागतो. तिची कसरत पुरेशी नव्हती काय?